ठेवण्याचा सोस आणि सोडण्याची सक्ती

दिवाळीच्या तोंडावर माझ्या भावाने मला एक काम सांगितले आहे. ते मी करणार नाही. का करणार नाही, हे त्याला फोनवर सांगायला जावे तर तो "बरं बाई, तू म्हन्तं ते खरं" म्हणून फोन ठेवील आणि चार दिवसांनी पुन्हा तेच काम सांगेल. म्हणून हे छापून सांगते. आमच्या घरी दिवाळी अंक वाचून झाल्यावरही कोणी टाकीत नाही. तेव्हा हे चार कागद तरी वीसेक वर्षे माळ्यावर सुखरूप राहतील, अशी खात्री आहे.

काम कोणते, ते पुढे येईलच. आधी आमचे घर पाहा.

आमचे माहेर मेहकर तालुक्यातले. घर जुने, मातीच्या भिंतींचे, आणि भरलेले. "भरलेले घर" हा आपल्याकडे आशीर्वाद समजतात. आमच्या घरात तो इतका फळला आहे की माणसाने बसावे कुठे हा प्रश्न पडतो. माळ्यावर दोन तिफणी आहेत. बैल जाऊन पंधरा वर्षे झाली. पितळेचे हंडे, घंगाळ, पराती आहेत. कल्हई करणारा गावात येईनासा झाला त्यालाही बराच काळ लोटला. रेडिओ कधीच मोडीत गेला, पण त्याच्या परवान्याचे पुस्तक आहे. कंदील आहेत, काचा नाहीत. कुलपे आहेत, किल्ल्या नाहीत. आणि एका डब्यात किल्ल्या आहेत, त्यांची कुलपे नाहीत. दर दिवाळीला हे सगळे खाली उतरते, पुसले जाते आणि वर चढते. टाकायची गोष्ट काढली की आमचे आबा म्हणत, "असू दे, कामी येईन." आबा १९९८ साली गेले. वाक्य मात्र भावाने ठेवून घेतले आहे.

माझे भांडण या पसाऱ्याशी नाही, हे आधीच सांगते. परातीवर माझाही जीव आहे. तिच्यात आईने कितीदा पुरणाचे पीठ तिंबलेले मी पाहिले आहे. माझे भांडण त्या वाक्याशी आहे. "असू दे" म्हटले म्हणजे आपण काही ठरवले असे माणसाला वाटते. प्रत्यक्षात त्याने ठरवायचे टाळलेले असते, आणि त्या टाळाटाळीला आपल्या घराघरांतून जपणूक, संसारीपणा, दूरदृष्टी अशी भारी भारी नावे मिळालेली असतात.

सोयाबीनचेच घ्या. २०२१ च्या जुलै-ऑगस्टात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला. त्या वेळी आमच्याकडे विकायला सोयाबीन नव्हते. मागच्या हंगामातले केव्हाच देऊन झाले होते. गावात सगळ्यांचे तसेच. ऑगस्टात सरकारने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, नवे पीक बाजारात आले, आणि भाव पाच हजारांच्या आसपास उतरला. पण त्या दहा हजारांचे जे भूत आमच्या भावाच्या मानेवर बसले ते अजून उतरलेले नाही. तेव्हापासून पुढल्या खोलीत कट्ट्यांची थप्पी असते. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या थोडे वर मिळत होते, तरी उत्तर एकच: "थांब, भाव येईन." मधल्या खोलीत कापूस. त्याचेही तेच झाले. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला, कुठे कुठे बारा हजार. पुढल्या वर्षी लोकांनी तोच आकडा मनात धरून आठ-साडेआठ हजारांचा कापूस घरात कोंडला आणि उन्हाळ्यात सात-साडेसातला दिला. मधल्या काळात कापूस वाळून वजनाला उतरला, त्यातल्या किड्यांनी लेकरांच्या अंगाला खाज सुटली, आणि व्याज चढत गेले ते निराळेच.

यात शेतकऱ्याला हसण्यासारखे काही नाही. आयातशुल्क केव्हा माफ होईल हे दिल्लीत ठरते; २०२५ च्या ऑगस्टात कापसावरचे शुल्क असेच माफ झाले. ज्याच्या हाती भाव नाही त्याने निदान वेळ तरी हाती ठेवावी, ही धडपड मला समजते. ज्याला चार महिने थांबण्याची ताकद आहे, गोदामात माल ठेवून पावती घेण्याची सोय आहे, त्याने जरूर थांबावे. मला आक्षेप आहे तो थांबण्याची मुदतच न ठरवण्याला. मी भावाला एकदा विचारले, "समज, हे शंभर कट्टे आज तुझ्या घरात नसते आणि त्यांच्या किमतीचे पैसे तुझ्या हाती असते; तर आजच्या भावाने शंभर कट्टे सोयाबीन विकत आणून पुढल्या खोलीत रचले असतेस का?" तो हसला. म्हणाला, "मी काय येडा आहे का?" मग रोज सकाळी उठून ते न विकणे म्हणजे रोज ते विकत घेणेच नव्हे काय? यावर त्याने वहिनीला चहा टाकायला सांगितला.

हा रोग एकट्या आमच्या भावाचा नाही आणि आजचाही नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत कंपन्यांचे पीक आले. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या वर गेला. युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १८६५ च्या जुलैत हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा त्या भागांना कोणी विचारीना. भावाने वर चढलेल्या माणसाला त्या दिवशीही वाटत असेल की थांबावे, पुन्हा येईल. गंमत अशी की कापूस राहिला, त्याचा व्यापार राहिला. १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला तो या कापसासाठीच. नाहीसे झाले ते कागद.

खामगावचे नाव निघाले म्हणून चांदीविषयीही बोलते, कारण आमच्या जिल्ह्यात लग्नाची चांदी खामगावचीच घ्यायची हा नेम, आणि चांदी कधी मोडायची नाही हाही नेम. १९८० च्या जानेवारीत जगाच्या बाजारात चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या उंबरठ्यापर्यंत गेली होती. अमेरिकेतल्या हंट बंधूंनी ती साठवून साठवून चढवली होती. मार्चच्या अखेरीस ती अकरा डॉलरच्या खाली आली. २०११ साली पुन्हा त्या उंबरठ्याशी गेली, आपल्याकडे किलोला सत्तर हजारांच्या वर. आणि २०१५ संपताना पस्तीस हजारांच्या आत-बाहेर. पन्नास डॉलरचा तो उंबरठा तिने धड ओलांडला तो २०२५ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, जेव्हा आपल्याकडे किलोने दीड लाख मागे टाकले. पंचेचाळीस वर्षे! तेवढ्यात लेकीचे लेकरू नोकरीला लागते. त्या दिवाळीत आमच्या भावाने मला मुद्दाम फोन केला होता, "पाह्य, म्या सांगत होतो, भाव येईन." मी विचारले, "मग विकली?" तर म्हणाला, "आता कायले ईकतं? अजून वाढन."

भाव आला तरी विकायचे नाही आणि गेला तरी विकायचे नाही, तर मग भाव पाहायचा कशाला?

कागदांच्या पेटीविषयी थोडक्यात. आबांनी एका गिरणीचे भाग घेतले होते. ती गिरणी बंद पडूनही जमाना झाला. कागदावर मात्र तिचे धुराडे अजून झोकात धूर सोडते आहे. दुसऱ्या एका जिवंत कंपनीचे थोडे भाग सापडले, पण सात वर्षे ओळीने लाभांश उचलला नाही की भागसुद्धा सरकारी निधीत जातात, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. दहा वर्षे हात न लावलेल्या बँकठेवीचेही तसेच. ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, हक्क सांगितला तर परत मिळते. २०२३ साली रिझर्व्ह बँकेने असल्या ठेवी शोधायला "उद्गम" नावाची सोय केली आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी पत्र्याची पेटी आहे त्यांनी या दिवाळीत ती नुसती पुसू नये, उघडून वाचावी. आणखी एक: बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. "मॅनेजर आपलाच आहे" ही काही विम्याची पावती नव्हे.

आणि आईची गोष्ट. आई २०१९ साली गेली. तिची लुगडी वाटायला काढली तेव्हा एका इरकलीच्या घडीत पाचशेच्या अठरा नोटा निघाल्या. जुन्या. २०१६ च्या ८ नोव्हेंबरला त्या रद्द झाल्या हे आईला माहीत होते. घरातले सगळे बँकेच्या रांगेत उभे होते, तेव्हा ती ओट्यावर बसून पाहत होती. तिने त्या का काढून दिल्या नाहीत, यावर आम्ही दोघी बहिणी रात्रभर बोललो. विसरली नसावी. उभ्या जन्मात जे एकटीचे म्हणून साठवले ते चारचौघांत काढून "हे माझे" म्हणण्याची तिला सवय नव्हती, एवढेच मला सुचते. नऊ हजार रुपये कागद होऊ दिले तिने, पण हात पुढे केला नाही.

दुसऱ्या पक्षाची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. आमचा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याचे मत असे की वर्षभर ज्याला हात लागला नाही ते काढून टाकावे. जपानच्या मारी कोंडो नावाच्या बाईंचे पुस्तक त्याने मला दिले आहे. एकेक वस्तू हातात धरायची आणि मनाला विचारायचे की आनंद होतो का; होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. पुस्तक मला आवडले. पण आमच्याकडे सातबारा हातात धरून आजवर कोणाला आनंद झालेला नाही, म्हणून त्याचे आभार मानून निरोप द्यावा काय? भाच्याचा हिशेब मोठा चोख असतो. पितळ मोडीत, चांदी सराफाला, रस्त्याकडेची दोन एकर गिऱ्हाइकाला, आणि आलेला पैसा म्युच्युअल फंडात नि पुण्यातल्या फ्लॅटमध्ये. त्याच्या कोष्टकात प्रत्येक वस्तूपुढे किंमत आहे. वस्तू कोणाची आहे, हा रकानाच नाही. बापाला काही सोडवत नाही आणि लेकाला काही ठेववत नाही; पण हा रकाना न मांडण्यावर दोघांचे एकमत आहे.

आता ते काम. रस्त्याकडेच्या त्या दोन एकरांचा सौदा व्हायचा तर भाचीची सही लागते. २००५ च्या कायद्याने मुलगी जन्मतःच मुलाइतकी वाटेकरी झाली, आणि २०२० च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितले की बाप २००५ साली हयात होता की नव्हता याचा त्याच्याशी संबंध नाही. भाची नागपूरला असते, भाऊबीजेला येणार आहे. भावाचे म्हणणे, ओवाळणी झाली की दुसऱ्या दिवशी मेहकरला जाऊन हक्कसोडपत्र नोंदवून टाकू. "बाई, तू तिची आत्या. तुझं ऐकते ते. जराशी तिले समजावून सांग."

माझ्याकडे हे काम येण्याला कारण आहे. मी स्वतः सही केलेली आहे.

१९९९ साली, आबांचे वर्षश्राद्ध आटोपल्यावर, आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आमची लग्ने १९९४ च्या आधीची, म्हणून महाराष्ट्राच्या तेव्हाच्या सुधारणेत आम्ही बसत नव्हतो. तरी १९५६ च्या कायद्याने बापाच्या वाट्यातला वाटा आमचा होताच. किती, ते कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. कागद वाचून दाखवला गेला तो घाईने. मला एक जांभळे लुगडे मिळाले, धाकटीला हिरवे. दोघींनी ते अजून ठेवले आहे. बघा, ठेवण्याचा सोस आमच्या अंगीही आहेच!

पुढे २०१७ पासून समृद्धी महामार्गासाठी जमिनीची खरेदी सुरू झाली. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आमच्या मेहकर नि सिंदखेडराजा तालुक्यांतून गेला आहे. आमच्या शेतातली दीड एकर त्यात गेली. थेट खरेदीत सरकारने दरपत्रकाच्या पाचपटीपर्यंत मोबदला दिला. ज्या घरांत बहिणींची नावे सातबारावर शिल्लक होती तिथे भावांना बहिणींच्या दारी जावे लागले, काही ठिकाणी भांडणे झाली, काही ठिकाणी सरळ वाटे झाले. आमच्या घरी भांडण झाले नाही. होणार कसे? धाकटीच्या नवऱ्याची तेव्हा मूत्रपिंडे निकामी होत होती. तिने भावाकडे दीड लाख उसने मागितले; भावाने पन्नास हजार दिले आणि ते देताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते, हे मी पाहिले आहे. माझा भाऊ दुष्ट नाही. आपल्याच वाट्याचे पैसे आपण उसने मागतो आहोत, हे धाकटीला सुचले नाही, आणि ते तिचे होते हे त्याला सुचले नाही.

म्हणजे पाहा. ज्या घरात मोडक्या तिफणीला "असू दे" म्हणतात, बुडालेल्या गिरणीच्या कागदाला म्हणतात, विझलेल्या कंदिलाला म्हणतात, त्या घरातून उभ्या साठ वर्षांत एकच गोष्ट सहज, हसतखेळत, काही शे रुपयांच्या मुद्रांकावर बाहेर गेली. आणि ती आमची होती. लेकीच्या हक्कापाशी आले की "कामी येईन" हे वाक्य कोणालाच आठवत नाही.

भावाच्या बाजूने जे जे म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणतात, लग्नाला खर्च केला. खर्च मुलाच्या लग्नालाही झाला. त्याचा वाटा त्यात वळता केलेला मी पाहिला नाही. आणि हुंडा दिला असे म्हणणार असाल तर १९६१ पासून तो गुन्हा आहे, गुन्ह्याची पावती हिशेबात धरता येत नाही. म्हणतात, आईबापांना भावाने सांभाळले. हे मात्र खरे आहे, आमच्या वहिनीने आईचे शेवटचे दोन वर्षे सगळे केले. त्याचा मोबदला वाटणीत जरूर मांडा, उघड मांडा. भाची नाही म्हणेल असे मला वाटत नाही. म्हणतात, जमिनीचे तुकडे होतील. भावाभावांत होतात तेव्हा हे कोणी म्हणत नाही. शिवाय नाव सातबारावर राहिले म्हणून नांगर थांबत नाही. कसणारा भाऊच राहील, पिकाचा हिशेब ठरवून घेता येईल. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, तेव्हा नवऱ्यांनी आपण होऊन बायकांच्या नावे जमिनी केल्या. शेतकऱ्यांनीच केल्या, आणि त्यांची शेती काही बुडाली नाही.

शेवटची गोष्ट कोणी मोठ्याने म्हणत नाही: सही नाही केली तर माहेर तुटेल. याला माझ्याजवळ उत्तर नाही. याच भीतीने मी सही केली. दर १२ जानेवारीला आम्ही सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकतो, जिल्ह्याला मातृतीर्थ म्हणवतो, आणि लेकीला सांगतो की आपल्या घरात तुझी जागा सही करण्यावर अवलंबून आहे.

भाचीला द्यायचेच असेल तर ती देईल. वाटा किती, आजच्या बाजारात त्याची किंमत काय, हे तिला कागदावर दाखवा. तिला तो कागद नागपूरला नेऊ द्या, वकिलाला दाखवू द्या. आणि मग संक्रांतीनंतर, होळीनंतर, केव्हाही तिने राजीखुशीने सोडले तर मी स्वतः साक्षीदार म्हणून सही करीन. ओवाळणीच्या ताटाशेजारी शाईची डबी मात्र मी मांडू देणार नाही. सोयाबीनला दोन-दोन वर्षे थांबता येते, चांदीला पंचेचाळीस वर्षे थांबता येते, तर लेकीच्या सहीलाच भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची घाई का?

भाऊ, तू हे वाचशील तेव्हा चिडशील. चीड. मी ठरल्याप्रमाणे भाऊबीजेला सकाळच्या बसने येते आहे, धाकटीही येते आहे. भाचीशी माझे बोलणे झाले आहे. तिला मी आमच्या १९९९ च्या कागदाची नक्कल पाठवली आहे. तिने विचारले, "आत्या, हे तुम्ही वाचलं होतं?" मी खरे ते सांगितले. ओवाळायला या खेपेला चार पाट मांडावे लागतील, तेव्हा पुढल्या खोलीतले कट्टे तेवढे हलवून ठेव. भाव आला नसला तरी.